मिशनच्या शाळा आणि गोंदियाची साक्ष

मागास मुलखात शिक्षण आणले ते मिशनऱ्यांनी, आणि उद्याही आणतील ते तेच, हे मत आपल्याकडे इतके मुरले आहे की मांडणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही. मागितला तर तो देताही येतो. मुंबईत अमेरिकन मिशनची शाळा १८१५ साली निघाली. जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी लगोलग मुलींच्या शाळा काढल्या. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि अहमदनगरला फरारबाईंची मुलींची शाळा पाहून आल्यावर आपण तसे काही करावे हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. अलीकडे या मताला विद्यापीठीय पाठबळही मिळाले आहे. रॉबर्ट वुडबेरी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये असे मांडले की सरकारी आश्रयाशिवाय आणि धर्मांतराच्या ओढीने काम करणारे प्रोटेस्टंट मिशनरी जिथे पोचले, तिथे सर्वांसाठी शिक्षण, छपाई, स्वयंसेवी संस्था आणि पुढे लोकशाही रुजण्याला बळ मिळाले.

गोंदियात हेच मत व्यवहाराच्या भाषेत ऐकू येते. धान विकून पैसे हाती आले की ‘पोराले कॉन्व्हेंटमंदी टाकलं’ असे बाप सांगतो, तेव्हा शाळेचे नाव विचारावे लागत नाही. चांगली शाळा म्हणजे ती, हे गृहीत असते. याच गावात दुसरा आवाजही आहे. त्याच्या मते या शाळा धर्मांतराची दारे आहेत आणि आदिवासी पट्ट्यात त्यांना पाऊल टाकू देऊ नये. दोघे एकमेकांना शत्रू समजतात. पण नीट पाहिले तर दोघांचे गृहीतक एकच आहे: ख्रिस्ती शाळेच्या अंगी समाज उलटापालटा करण्याची ताकद आहे. एकाला ती ताकद हवी आहे, दुसऱ्याला तिची भीती वाटते. मला खंडन करायचे आहे ते या गृहीतकाचे, आणि त्यासाठी गोंदियासारखा साक्षीदार शोधून मिळणार नाही.

आपल्या नैयायिकांनी कार्यकारण तपासायला अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या. कारण असेल तिथे कार्य दिसले पाहिजे, आणि कारण नसेल तिथे कार्यही दिसता कामा नये. मिशनभक्तांचा सारा भर पहिल्या कसोटीवर असतो. दुसरी कसोटी ते लावत नाहीत.

ती लावून पाहू. भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सव्वातेरा लाखांच्या आसपास होती. ख्रिस्ती लोक अर्ध्या टक्क्याच्याही खाली. साक्षरता मात्र ८५ टक्क्यांच्या घरात, म्हणजे राज्याच्या ८२ टक्क्यांच्या सरासरीहून वर. मुंबई-पुण्याच्या लोकांना गोंदिया म्हणजे नक्षलग्रस्त, जंगली, रेल्वे नकाशावरचे शेवटचे टोक वाटते. त्यांना हा आकडा खरा वाटत नाही. आता नंदुरबार घ्या. नवापूर भागात ख्रिस्ती मिशनचे काम जुने आहे, चिंचपाड्याला मिशनचे रुग्णालय १९४० च्या दशकापासून आहे, भिल्ल-गावितांत ख्रिस्ती वस्ती डोळ्यांत भरण्याइतकी आहे. त्या जिल्ह्याची साक्षरता २०११ मध्ये सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. कारण आहे तिथे कार्य नाही, कार्य आहे तिथे कारण नाही.

यावर प्रतिपक्षी म्हणेल, आणि त्याने म्हटलेच पाहिजे, की तुलना अन्यायाची आहे: नंदुरबारमध्ये दहांतले सात जण आदिवासी, गोंदियात सहांतला एक. हे मान्य. पण ते मान्य करताच वादाचा विषय पालटतो. मग साक्षरता ठरवणारी गोष्ट मिशन असणे-नसणे ही उरत नाही. सरकार, बाजार आणि रस्ता एखाद्या समाजापर्यंत किती पोचले, ही ठरते. ही बाब ध्यानात ठेवू. मंडनाच्या वेळी ती उपयोगी पडेल, आणि तेव्हा ती माझ्या काही विधानांना आळाही घालील.

मग गोंदियाला शिकवले कोणी?

सुरुवात नागपुरातून करावी लागते. स्टीफन हिस्लॉप हा फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा तरुण मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला आणि पुढच्या वर्षी त्याने शाळा उघडली. आजचे हिस्लॉप कॉलेज १८८३ चे. हिस्लॉप आला तेव्हा भोसल्यांचे राज्य अजून होते. हिस्लॉप कलकत्त्याच्या अलेक्झांडर डफच्या परंपरेतला. आधी वरच्या जातींच्या मुलांना इंग्रजी आणि बायबल द्यावे, तिथून ते खाली झिरपेल, असा डफचा हिशेब. विद्या शहरातल्या पांढरपेशांनी घेतली. ख्रिस्त मात्र त्यातल्या फार थोड्यांनी घेतला. वैनगंगेच्या पलीकडच्या धानाच्या मुलखात यातले काय पोचले? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भंडाऱ्याला स्कॉटिश मिशनचे ठाणे झाले. पण ज्याला आपण शिक्षणाचा प्रसार म्हणतो, गावोगाव एक मास्तर, एक फळा, एक हजेरीपट, ते काम मिशनच्या आवाक्यातले नव्हतेच. मध्य प्रांत १८६१ मध्ये झाला, शिक्षणखाते १८६२ मध्ये. गावच्या मराठी शाळा चालल्या त्या सरकारी आणि लोकल फंडाच्या पैशावर, आणि त्या पैशाचा एक झरा जमीनमहसुलाबरोबर वसूल होणारा कर हा होता.

खुद्द मिशनच्या शाळा तरी कोणाच्या पैशावर? १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदानाची पद्धत घातली आणि निरीक्षकाने शाळेतल्या धार्मिक शिक्षणाकडे लक्ष देऊ नये असेही सांगितले. त्याचा सर्वांत पद्धतशीर फायदा मिशनांनी घेतला. म्हणजे बायबलच्या तासाखेरीज बाकी तासांच्या खर्चाचा एक वाटा सरकारी तिजोरी, पर्यायाने रयत, उचलत होती. यात लबाडी काही नाही. कायद्याने मिळाले ते त्यांनी घेतले. पण श्रेय वाटताना रयतेचा वाटा वगळायची सवय मात्र तेव्हापासूनची. आमच्या भागातले मामा तलाव पाहा. ते बांधण्याचे कसब आणि कष्ट कोहळ्यांचे, पण सरकारी दप्तरात आणि लोकांच्या तोंडी ते ‘माजी मालगुजारी’ तलाव झाले. शाळांचेही थोडेफार तसेच झाले.

स्वातंत्र्याआधीच्या दशकात रविशंकर शुक्लांच्या विद्यामंदिर योजनेने मालगुजारांकडून जमीन दान घेऊन तिच्या उत्पन्नावर गावशाळा चालवायचा घाट घातला. योजना फार काळ टिकली नाही, पण गावाने स्वतःच्या जमिनीवर शाळा पोसायची ही कल्पना कोण्या मिशनची नव्हती, वर्ध्याच्या वाऱ्याची होती. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गोंदियाची साक्षरता ज्या दोन-तीन पिढ्यांनी वर नेली त्यांतली बहुतेक माणसे या कौलारू शाळांतून आलेली आहेत, हे सांगायला संशोधन लागत नाही.

माध्यमिक शिक्षणाची कथा अधिक रंजक आहे, आणि मिशनवाद्यांना अधिक अडचणीची. मनोहरभाई पटेल हे मूळचे गुजरातचे, विडीच्या व्यापारात मोठे झालेले, स्वतः फारसे न शिकलेले गृहस्थ. १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. एकाच वेळी वीसहून अधिक हायस्कुले उघडल्याची त्यांची गोष्ट जिल्ह्यात आजही अभिमानाने सांगतात. सांगणाऱ्यागणिक आकडा जरा हलतो, पण शाळा उभ्या राहिल्या हे खरे. काँग्रेसच्या या विडीसम्राटाच्या दुसऱ्या टोकाला आमगावचे लक्ष्मणराव मानकर, जनसंघाचे, १९७७ साली भंडाऱ्याचे खासदार झालेले, सगळ्यांचे ‘गुरुजी’. त्यांच्या भवभूती शिक्षण संस्थेने आमगावच्या परिसरात शाळा-महाविद्यालये उभी केली. आमगावजवळचे पद्मपूर हे भवभूतीचे जन्मगाव, अशी इथली श्रद्धा, म्हणून ते नाव. राजकारणात ही दोन माणसे एका बाकावर बसली नसती. शाळांच्या बाबतीत मात्र दोघांनी एकच ओळखले होते: तालुक्याच्या गावी हायस्कूल असले की मुलगा शेतातून निघतो, आणि दहा किलोमीटरच्या आत असले की मुलगीही निघते.

मला यात आदर्शीकरण करायचे नाही. तेंदूपत्ता तोडणाऱ्या आणि घरोघर विड्या वळणाऱ्या बायकांच्या कष्टातून उभा राहिलेला पैसा शाळांत गेला, आणि त्याच घरांतली पोरे सुपात पाने घेऊन आयांच्या शेजारी बसलेली असत. त्या शाळांत संस्थाचालकांच्या जातीचे आणि पक्षाचे मास्तर भरले गेले, निवडणुकीला त्या शाळाच प्रचाराची यंत्रणा झाल्या. पण गुणदोष मोजायचे असतील तर ते ज्यांनी केले त्यांचे मोजावेत. गोंदियाच्या शिक्षणाचे पुण्य आणि पाप दोन्ही स्थानिक आहे.

मुलींबाबत मिशनचा दावा विशेष जोरात असतो, आणि एकोणिसाव्या शतकापुरता तो खरा आहे. फरारबाई आणि मार्गारेट विल्सन यांचे ऋण कोणी नाकारू नये. पण विसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या गावांतली मुलगी आठवीच्या पुढे गेली ती एसटीच्या मोफत पासावर आणि पुढे सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसमध्ये बसून. या बसबद्दल कोणी ग्रंथ लिहिणार नाही.

आता कॉन्व्हेंट. विदर्भात तालुक्याच्या कोणत्याही गावात फिरा. कॉन्व्हेंट म्हणून पाट्या लागलेल्या बहुतेक शाळा ख्रिस्ती नाहीत. वर्गात सरस्वतीची तसबीर, मालक स्थानिक पुढारी, शिक्षिका बारावी किंवा डी.एड. झालेल्या गावातल्याच मुली, आणि पोरे ‘गुड मॉर्निंग टीचर’ एका सुरात म्हणणारी. पालक विकत घेतात ते इंग्रजी, टाय आणि शाळेची पिवळी गाडी. ख्रिस्ती संस्थांच्या मोजक्या शाळांनी जो नमुना घालून दिला त्याची ही नक्कल, आणि नकलेत नमुन्यातले सर्वांत महागडे तेवढे उतरले. ननच्या मठातली शिस्त, शिक्षिकेचे आयुष्यभराचे बांधलेपण, पगाराकडे न पाहता केलेले काम, यातले काही उतरले नाही, कारण ते विकत मिळत नाही. तेव्हा कॉन्व्हेंटसाठीची झुंबड हा ख्रिस्ती शिक्षणाच्या थोरवीचा पुरावा म्हणून कोणी पुढे केला तर त्याला इतकेच विचारावे की त्या झुंबडीतल्या किती जणांना ख्रिस्ती शाळा मिळाली.

इथवर पहिल्या पक्षाचे झाले. दुसऱ्या पक्षाकडे, भीतीच्या पक्षाकडे, वळू. त्याला हलक्या हाताने निकाली काढणे बरोबर होणार नाही, कारण त्याच्यामागे एक भारदस्त सरकारी अहवाल आहे आणि तो याच मुलखाचा आहे. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि भंडारा-गोंदिया त्यातच होते. १९५४ च्या एप्रिलमध्ये शुक्ल सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिची प्रश्नावली ९९ प्रश्नांची होती. १९५६ च्या अहवालात शाळा, वसतिगृह, दवाखाना आणि कर्ज ही धर्मांतराची साधने म्हणून वापरली जातात अशा तक्रारींचा मोठा साठा आहे, आणि अशा वापरावर कायद्याने बंदी घालावी ही शिफारसही. सरगुजा, रायगड, जशपूर, मंडला या भागांतल्या त्या तक्रारी सगळ्याच खोट्या होत्या असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता हे तर त्यांनी कधी लपवलेच नाही. डफ आणि हिस्लॉप यांना तुम्ही ‘निव्वळ शिक्षक’ म्हटले असते तर त्यांना राग आला असता.

पण हेतू एक, फळ दुसरे. शाळा हे धर्मांतराचे साधन म्हणून किती चालले? मुंबईत १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि पारशी मुलांनी शाळा ओस पाडली. असे प्रकार जिथे जिथे झाले तिथे शाळा रिकामी झाली, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा भरली, आणि भरली ती सावध झालेल्या मुलांनी. नागपूरला हिस्लॉपची शाळा निघाल्याला पावणेदोनशे वर्षे झाली. त्यानंतर गोंदियात ख्रिस्ती समाज अर्ध्या टक्क्याखाली असेल, तर या यंत्राला धर्मांतराचे यंत्र कसे म्हणावे? मराठीतले सर्वांत गाजलेले ख्रिस्ती धर्मांतर याच रेल्वेमार्गावर सुरू झाले. नारायण वामन टिळक १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. ती गाडी गोंदियावरूनच जाते. डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते तेव्हा तिशीतले, संस्कृत पचवलेले, वाद घालण्यात तरबेज कवी होते. त्यांना कोणत्याही शाळेने बाटवले नव्हते.

आणि या जिल्ह्यात खरेच मोठे धर्मांतर झाले ते कोणते? १४ ऑक्टोबर १९५६ नंतरचे. त्याआधी दोन वर्षे, १९५४ मध्ये, बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. मते दिली नाहीत त्या जिल्ह्यातल्या वस्त्या दोन वर्षांनी गाड्या भरभरून नागपूरला गेल्या. आज इथे बौद्धांची संख्या ख्रिस्त्यांच्या कित्येक पट आहे, आणि तिच्यामागे शाळा नव्हती, कर्ज नव्हते, दवाखाना नव्हता. मिशनऱ्यांची चौकशी करणारे न्यायमूर्ती नियोगी यांनीही त्याच वर्षी, अहवाल दिल्यावर काही महिन्यांनी, नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. धर्म बदलणारा माणूस भोळा किंवा विकला गेलेला असतो, असे समजणाऱ्यांनी त्या अहवालासोबत अहवालाच्या लेखकाचे चरित्रही वाचावे.

इतके खंडन केल्यावर ख्रिस्ती शाळेला काही उरते का? उरते, आणि ते थोडके नाही. फक्त ते स्तुतिपाठक सांगतात त्या जागी सापडत नाही.

आधी बाजूला ठेवलेली बाब आता घेऊ. सरकार पोचले नाही तिथे काय होते? यासाठी गोंदिया-नंदुरबार ही जोडी चुकीची. सारख्यातले सारखे घ्यावे लागेल. छत्तीसगडमध्ये जशपूर आणि सरगुजा शेजारी, दोन्ही आदिवासीबहुल, दोन्ही जुन्या संस्थानांचे मुलूख. जशपूरमध्ये पाचांतला एकाहून अधिक जण ख्रिस्ती, कॅथलिक मिशनचे काम शंभर वर्षांहून जुने. २०११ मध्ये जशपूरची साक्षरता ६८ टक्क्यांच्या आसपास, सरगुजाची ६० च्या. हा फरक मिशनचा आहे असे मानायला मी तयार आहे. दोन्ही आकडे गोंदियाच्या खूप खाली आहेत, हेही त्याच दमात सांगायला हवे. म्हणजे राज्यसंस्था गैरहजर असेल तेव्हा मिशन काही अंशी तिची जागा घेते. पूर्ण कधीच नाही. बेल्जियन काँगोचे उदाहरण याच जातीचे. तिथे जवळपास सारे शिक्षण कॅथलिक मिशनांकडे सोपवले होते, प्राथमिक शाळांत मुलांची संख्या आफ्रिकेच्या मानाने भरपूर होती, आणि १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा पदवीधर काँगोलीज तीसही नव्हते. शाळा मिशनची होती. तिची उंची किती असावी हे ब्रुसेल्स ठरवत होते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मिशनच्या शाळेने या भागात जितकी मुले शिकवली त्याहून जास्त शाळा तिने चिथावल्या. मंडल्यात डच कॅथलिक मिशनऱ्यांनी गावोगाव शाळा काढल्या, तेव्हा व्हेरिअर एल्विन यांनी १९४४ मध्ये त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली आणि ठक्कर बाप्पांनी तिथे वनवासी सेवा मंडळ उभे करून शाळा सुरू केल्या. जशपूरमध्ये १९५२ मध्ये अमरावतीचे रमाकांत केशव तथा बाळासाहेब देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रम काढला. त्याची सुरुवात मुलांच्या वसतिगृहापासून झाली. त्या संस्थेचे राजकारण कोणाला पटो न पटो, उरांव मुलाला एकाऐवजी दोन शाळा मिळाल्या. लंकिना आणि गेटाच्यू या अभ्यासकांनी भारतातल्या मुलींच्या शिक्षणाबद्दल अशाच स्पर्धेकडे बोट दाखवले आहे. खरा इतिहास असा मत्सरातून पुढे जातो, हे मिशनवाल्यांना रुचत नाही आणि मिशनविरोधकांनाही रुचत नाही. एकाला वाटते आपण दिले, दुसऱ्याला वाटते आपण वाचवले. पाटी मात्र पोराच्या हातात पडली.

एल्विन यांचे नाव निघाले म्हणून थोडे रेंगाळतो. मंडल्याच्या करंजिया गावी १८४२ च्या सुमारास जर्मन मिशनऱ्यांची एक तुकडी गोंडांत काम करायला आली होती. साथीत त्यांतले बहुतेक दगावले. त्याच करंजियाला १९३२ मध्ये एल्विन आणि शामराव हिवाळे येऊन राहिले. एल्विन तेव्हा धर्मगुरू होते. काही वर्षांतच त्यांनी चर्च सोडले. शामराव मराठी ख्रिस्ती, अहमदनगर कॉलेज १९४७ मध्ये काढणाऱ्या भास्कर पांडुरंग हिवाळे यांचे भाऊ. एल्विन पुढे जगप्रसिद्ध झाले, ईशान्येला गेले. शामराव मागे राहिले. गोंडांच्या शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांचे घर सांभाळत राहिले, परधानांवर पुस्तक लिहिले, आणि बाप्तिस्म्याच्या वाटेला गेले नाहीत. सातपुड्याच्या या पट्ट्यात ख्रिस्ती माणसाने शिक्षणासाठी काय करावे याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला नमुना हा एका मराठी माणसाचा आहे, आणि मराठीत त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. मंडल्यातला इंग्लिश मिशनरी विल्यमसन याने १८९० मध्ये गोंडीचे व्याकरण आणि शब्दसंग्रह छापला. त्याच्या आधी हिस्लॉपने परधानांच्या तोंडून गोंडांच्या लिंगोची गाथा उतरवून घेतली होती. ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो नदीत बुडून मेला. ते कागद रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. आज सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेला लाखो गोंड येतात. त्यांच्या पोथीत ज्या कथेचा आधार घेतला जातो तिची सर्वांत जुनी छापील प्रत या मिशनऱ्याच्या कागदांतली. शाळेसाठी नागपूरला तो आठवतो. शाळेबाहेर केलेले त्याचे काम गोंदियाच्या डोंगरात अधिक खोल गेले, आणि तेही ख्रिस्ताच्या नव्हे, पहांदी पारी कुपार लिंगोच्या कामी आले.

ही मातृभाषेची परंपरा ख्रिस्ती शाळांनी स्वतःच सोडली, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. मिशनच्या जुन्या शाळेचा अभिमान दोन गोष्टींचा होता: ती तळच्या मुलाकडे जात असे आणि त्याच्या भाषेत जात असे. अहमदनगरच्या महार-मांग वस्त्यांत अमेरिकन मिशनने तेच केले. पण ती परंपरा अपवादाची होती. बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीबद्दल लिहिताना हाच आक्षेप घेतला होता की मिशनच्या शाळा-कॉलेजांचा आणि दवाखान्यांचा लाभ मुख्यतः वरच्या जातींच्या हिंदूंना झाला, गरीब ख्रिस्त्याला झाला नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये अल्पसंख्याक शाळांचा अहवाल दिला. त्यातले आकडे पाहिले तर या आक्षेपाची धार बोथट झालेली दिसत नाही: धार्मिक अल्पसंख्याकांच्या शाळांपैकी ७२ टक्के ख्रिस्त्यांच्या, त्यांत शिकणारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तेतर, आणि सर्व अल्पसंख्याक शाळांत सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित घरांतली मुले नऊ टक्क्यांहून कमी. आयोगाचा हेतू काहींना संशयास्पद वाटला, वाटो. पण ७४ टक्के ख्रिस्तेतर मुले असलेली शाळा धर्मांतराचा अड्डा ठरत नाही, आणि नऊ टक्के वंचित असलेली शाळा दीनांची कैवारी ठरत नाही. एकाच अहवालाने दोन्ही पक्षांची पंचाईत केली आहे.

प्रतिपक्षाकडे एक युक्तिवाद अजून शिल्लक आहे. तो म्हणेल, जुने सोडा. आज सरकारच मागे हटते आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा मिळून समूह शाळा करायचा बेत राज्याने २०२३ मध्ये मांडला, देवरी-सालेकशातल्या टोल्यांवर त्याचा फटका बसेल. आश्रमशाळांची दशा सगळ्यांना ठाऊक आहे. मग चर्चला पुन्हा बोलवायला काय हरकत? टांझानियाने नेमके तेच केले. न्यरेरे यांनी १९६९ मध्ये मिशनच्या शाळा राष्ट्राच्या ताब्यात घेतल्या, आणि १९९२ मध्ये सरकारने चर्चांशी करार करून त्यांना शिक्षणात आणि आरोग्यात परत जागा दिली.

युक्तिवाद वजनदार आहे. मात्र करार म्हणजे दोन्ही बाजूंच्या अटी. आपल्याकडे घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला, तो योग्यच आहे. बहुसंख्येच्या लहरीवर सोडण्यासारखी ती गोष्ट नाही. पण २०१४ च्या प्रमती निकालाने सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हक्क कायदाच अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू नाही असे ठरवले. पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांना देण्याची सक्ती त्यांच्यावर नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने, महाराष्ट्रातल्याच एका अल्पसंख्याक संस्थेच्या अपिलात, त्या निकालाविषयी शंका नोंदवून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवले. त्याचे काय व्हायचे ते होवो. शाळांना मात्र न्यायालयासाठी थांबायची गरज नाही. कायदा त्यांना २५ टक्के जागा द्यायला भाग पाडत नाही, पण द्यायला मनाईही करत नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या मुलीला, ककोडीच्या गोंड मुलाला या शाळांनी आपण होऊन घ्यावे आणि पहिली दोन वर्षे त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारा शिक्षक ठेवावा, याला कोणत्या कलमाची आडकाठी आहे? शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिच्यामागे मिशन नव्हते, विडीसम्राट नव्हता, अनुदान नव्हते. शिक्षण खात्याने तिला मान्यतेविना शाळा चालवल्याबद्दल नोटीस दिली, ती याच शिक्षण हक्क कायद्याखाली.